चित्र थांबवून पाहताना

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र असलेल्या बऱ्याच महाविद्यालयांत आता प्रोजेक्टर पोचला आहे आणि त्याच्यासोबत एक प्रथाही रुजली आहे. सत्र संपत आलं की एखाद्या शनिवारी खिडक्यांना पडदे लावायचे आणि ‘सैराट’ नाहीतर ‘फँड्री’ दाखवायचा. त्या दिवशी हजेरी भरभरून असते. शेवटचा प्रसंग येतो, वर्ग सुन्न होतो, काही जणी डोळे पुसतात. दिवे लागल्यावर शिक्षक उठून दोन वाक्यं बोलतात, जातिव्यवस्था किती क्रूर आहे ते आज आपण पाहिलं, आणि सगळे घरी जातात. सोमवारी पुन्हा डिक्टेशन: सामाजिक स्तरीकरणाची व्याख्या, वैशिष्ट्यं, प्रकार. शनिवारच्या अंधाराचं आणि सोमवारच्या वहीचं एकमेकांशी काही नातं लागत नाही.

मला या प्रथेशी भांडायचं आहे, पण ‘सिनेमे कसले दाखवता, पुस्तक वाचून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं नाही. समाजशास्त्राची तोंडओळख दृश्य माध्यमाशिवाय करून देऊच नये, इथपर्यंत माझं मत गेलेलं आहे. माझी तक्रार चित्रपट अख्खा, अंधारात, एकदाही न थांबवता दाखवण्याबद्दल आहे. तसा दाखवला की तो विद्यार्थ्याला समाजशास्त्राकडे आणत नाही, उलट लांब नेतो.

कसा, ते सांगते. कथापट उभा असतो माणसांच्या चेहऱ्यांवर. ‘सैराट’मधल्या आर्ची, परश्या, प्रिन्स, तात्या यांच्यात आपण गुंततो, कुणावर जीव लावायचा आणि कुणाचा संताप करायचा हे दिग्दर्शक आपल्याला हाताला धरून शिकवतो. ते त्याचं कामच आहे. पण समाजशास्त्राची पहिली पायरी नेमकी तिथून पुढे आहे. प्रिन्स दुष्ट आहे, हे उत्तर अपुरं का पडतं? त्याच्या जागी त्याचा एखादा शांत स्वभावाचा चुलतभाऊ असता तर शेवट बदलला असता का? सी. राइट मिल्स यांनी 1959 साली ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ या पुस्तकात एका माणसाची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांच्यात फरक केला, तो पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला कळायला हवा असा फरक आहे. एकाची नोकरी गेली तर त्याचं कौशल्य आणि स्वभाव तपासावा. हजारोंची गेली तर कारखान्यांकडे, बाजाराकडे, सरकारी धोरणाकडे पाहावं लागतं. अंधारात सलग पाहिलेला चित्रपट आपल्याला पहिल्याच तपासणीत अडकवून ठेवतो.

शिवाय रडू आलं की समजलं असं वाटतं. ज्या घरात मुलीचं स्थळ पाहताना पहिला प्रश्न जातीचा विचारला जातो, त्या घरातली मुलगीही आर्चीसाठी मनापासून रडते. ते रडणं खोटं नसतं. पण ‘ती गावाकडची माणसं’ आणि ‘आपण’ अशी फाळणी त्या अश्रूंनीच पक्की होते आणि ती घरी जाते तेव्हा तिच्या स्वतःच्या घराबद्दल तिला एकही प्रश्न पडलेला नसतो.

‘सैराट’चा शेवट वर्गात दाखवावा असं मला वाटत नाही. तो मुलांनी आधीच पाहिलेला असतो. त्याऐवजी कॉलेजातला तो छोटा प्रसंग घ्यावा, ज्यात पाटलांचा प्रिन्स, त्याला हटकणाऱ्या लोखंडे सरांच्या भर वर्गात कानाखाली मारतो. दोनेक मिनिटांचं काम आहे. आधी आवाज बंद करून दाखवायचं. मग चित्र थांबवायचं आणि मुलांना फक्त काय दिसतं ते लिहायला सांगायचं: कोण बसलं आहे, कोण उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे, मारल्यानंतर कोण कुणाकडे बघतं, कोण जागचं हलत नाही. मत लिहायचं नाही. ‘अन्याय’, ‘दादागिरी’ हे शब्द त्या कागदावर चालणार नाहीत. हे मुलांना फार जड जातं, कारण शाळेपासून त्यांना निबंध लिहायची सवय लागलेली असते आणि निबंधात मत आधी येतं. पण एकदा वर्णनाची यादी फळ्यावर आली की प्रश्न आपोआप पुढे येतात. एवढ्या मुलांतून एकही का उठत नाही? पदवी सरांकडे आहे, व्यासपीठ सरांकडे आहे, वयानं सर मोठे आहेत, मग त्या खोलीत अधिकार कुणाकडे आहे? मॅक्स वेबरनं वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता वेगवेगळ्या का केल्या, हे सांगायला याहून चांगली दोन मिनिटं मला मराठी पडद्यावर सापडलेली नाहीत.

तिथून एक पाऊल पुढे टाकलं की विषय आपल्या दारात येतो. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि शिक्षणसंस्था एकाच घराभोवती असण्याची उदाहरणं मुलांना शिकवावी लागत नाहीत. कुणाचा बाप कारखान्यावर असतो, कुणाची मावशी संस्थेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, आणि मुलं स्वतः त्याच संस्थेच्या बाकावर बसलेली असतात. हा प्रसंग दाखवायला शिक्षक कचरतात ते याच कारणानं, असा माझा समज आहे. शेवटचा खून दाखवणं सोपं, कारण तो दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो.

याच्या जोडीला ‘सैराट’वरून 2018 साली हिंदीत निघालेला ‘धडक’ घ्यावा, तोही तुकड्यातुकड्यानं. कथा तीच, पण करमाळ्याच्या परिसरातून ती उदयपूरच्या हवेल्यांत गेली. जात बोलण्यातून आणि दिसण्यातून जवळपास पुसट झाली. शेवटही बदलला: मराठीत दोघंही मारली जातात आणि लहान मूल उरतं, हिंदीत नवरा आणि मूल जातात आणि ती उरते. दोन्ही पडद्यांवरचं पहिलं घर, पहिलं भांडण, पळून गेल्यानंतरची खोली शेजारी शेजारी ठेवली की मुलं विचारायला लागतात की हे का काढलं, कुणासाठी काढलं, काय विकलं जाईल हे कुणी ठरवलं. स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये मांडलं होतं की चित्र तयार करणारा एक अर्थ भरतो आणि पाहणारा आपल्या जागेवरून तो स्वीकारतो, वाकवतो किंवा धुडकावतो. ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’ गाण्यावर थिएटरात नाचलेले सगळे एकच चित्रपट पाहत होते का, हा प्रश्न घेऊन वर्ग अर्धा तास सहज बोलतो.

दृश्य माध्यम म्हणजे अलीकडचं फॅड, असं म्हणणाऱ्यांना मुंबईचाच इतिहास सांगावा लागतो. मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी तो एक. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत आजारी पडून काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. अंधाऱ्या खोलीत पडून असताना खिडकीची तावदानं चाचपता चाचपता त्यांना कल्पना चौकटींत मांडायची सवय लागली आणि ती जन्मभर टिकली. एडिंबरोमध्ये 1892 साली त्यांनी एक जुना मनोरा ताब्यात घेतला आणि त्याची शाळा केली. त्या मनोऱ्याच्या माथ्यावर एक अंधारी खोली होती. छतातल्या आरशातून आणि भिंगातून खालच्या शहराचं चित्र मधल्या पांढऱ्या मेजावर पडायचं, हलतं, रंगीत, त्या क्षणाचं. रस्त्यानं चालणारी माणसं मेजावरून चालत जायची. पाहुण्याला आधी थेट वर न्यायचं, हे चित्र दाखवायचं, मग गच्चीवर उघड्या डोळ्यांनी तेच शहर दाखवायचं, आणि त्यानंतर एका छोट्या, जवळजवळ रिकाम्या कोठडीत काही वेळ एकटं बसवायचं. जे पाहिलं ते मनात बसू द्यायला. मग एकेक मजला उतरत शहर, देश, युरोप आणि शेवटी जग, नकाशे आणि तक्त्यांतून.

मला या क्रमातली ती कोठडी सर्वांत महत्त्वाची वाटते. पाहणं आणि बोलणं यांच्या मध्ये गेडिस यांनी एक थांबा ठेवला होता. आमच्या शनिवारच्या प्रदर्शनात तोच नसतो.

भारतात येताना गेडिस नकाशे, चित्रं आणि नगररचनेचे तक्ते असं अख्खं प्रदर्शन घेऊन येत होते. 1914 साली ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेनं ते सामान असलेलं जहाज बुडवलं. मित्रांनी पुन्हा साहित्य गोळा करून पाठवलं आणि 1915 साली मद्रासला प्रदर्शन भरलं. शहर समजून घ्यायचं तर आधी त्यातून पायी हिंडायचं आणि डोळ्यांनी नोंदायचं, हा त्यांचा आग्रह होता. 1924 साली विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्ये संस्कृतचे गाढे अभ्यासक, त्यामुळे विभागाचा कल ग्रंथांकडे झुकला. विद्यार्थ्यांना त्यांनी गावोगाव, जमातींमध्ये पाठवलं हेही खरं, आणि त्यांचेच विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे ग्रंथांत दिसणारा समाज आणि प्रत्यक्ष गावात दिसणारा समाज यांतला फरक ठासून सांगितला. पण वर्गात शिकवलं जाणारं समाजशास्त्र मात्र मॅकायव्हर आणि पेज यांच्या व्याख्येपाशी आणि गाइडच्या मुद्द्यांपाशी येऊन बसलं. गेडिस यांचा मनोरा मुंबईच्या पायाशी होता, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठं दिसतही नाही.

अमेरिकेतही असंच घडलं. तिथल्या समाजशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात सुरुवातीच्या वीसेक वर्षांत छायाचित्रांसह लेख छापले जात. पुढे आकडेवारीला शास्त्राचा मान मिळाला आणि छायाचित्रं गळून पडली. त्याच काळात लुइस हाइन 1908 पासून गिरण्यांत, खाणींत आणि रस्त्यांवर राबणाऱ्या मुलांची छायाचित्रं काढत होते. हाइन यांची एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. गिरणीत शिरायला बहाणा करावा लागायचा, त्यामुळे मोजमाप उघडपणे घेता यायचं नाही. म्हणून त्यांनी आपल्या कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते पाठ करून ठेवलं होतं. मूल शेजारी उभं राहिलं की कितव्या गुंडीपर्यंत येतं त्यावरून उंची, आणि खिशातल्या वहीत हात घालून न बघता नोंद. वय काय सांगितलं, काम किती तास, मजुरी किती. छायाचित्रानं काळजाला हात घातला आणि नोंदीनं ते पुराव्यात बदललं. दोन्ही लागतात. नुसतं छायाचित्र कणव जागवतं आणि ओसरू देतं.

चित्र खोटंही सांगू शकतं, किंवा खरं सांगत असतानाच माणसाला चुकीच्या खणात टाकू शकतं, हे पहिल्या वर्षीच शिकवलं पाहिजे. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. 1857 नंतरच्या सरकारला आपली प्रजा ओळखायची होती. पानोपानी छायाचित्रं चिकटवलेली, आणि बहुतेक चित्रांखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. मजकुरात त्या जातीचा स्वभाव दिलेला: हे विश्वासू, हे चोरटे, हे लढवय्ये. यातलं एखादं पान वर्गात ठेवावं आणि शेजारी आजच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकातलं ‘आदिवासी जीवन’ या धड्याचं चित्र ठेवावं. तारपा किंवा ढोल, नाच, डोक्यात पिसं. नाव नाही. वसतिगृहात राहून शिकणारी, मोबाइलवर बँकेचा ओटीपी बघणारी आदिवासी मुलगी त्या वर्गात बसलेली असेल तर तिच्याकडे न वळता, या दोन पानांतलं साम्य मुलांना स्वतः शोधू द्यावं.

कथापटांपैकी वर्गासाठी सर्वांत उपयोगी कुठला, असं विचारलं तर मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) सांगेन, आणि त्याचं कारण तो हळू आहे हेच. कॅमेरा लांब, स्थिर उभा. कुणाच्या चेहऱ्यावर झेप घेत नाही, कुणावर संताप करायचा ते सांगत नाही. मुलं सुरुवातीला चुळबुळतात, ते मान्य. पण न्यायालयाबाहेरचे तीन तुकडे घ्या. बचावाचा वकील सुपरमार्केटात चीज आणि वाइन उचलतो, गाडीत जॅझ ऐकतो. सरकारी वकीलबाई मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात, सुटीच्या दिवशी कुटुंबासह परप्रांतीयांविरुद्धचं मराठी नाटक पाहायला जातात. न्यायाधीशमहाशय उन्हाळी सुटीत आप्तांसह रिसॉर्टवर जातात. एका शाहिराला शिक्षा द्यावी की नाही, हे ठरवणारी ही तीन माणसं. त्यांची मतं त्यांच्या तोंडून न ऐकता फक्त पिशवीत काय आहे, ताटात काय आहे, मनोरंजन काय आहे ते मुलांना लिहायला लावा. पिएर बोर्द्यू यांनी 1979 च्या आपल्या ग्रंथात अभिरुची आणि वर्ग यांची जी गुंतागुंत दाखवली, तिच्या दाराशी मुलं स्वतःच्या पायांनी पोचतात. बाहीविना कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात, तो प्रसंगही याच चित्रपटात आहे. कायदा आणि लोकाचार वेगळे कुठं होतात, हे त्यावर विचारावं.

आता मुख्य गोष्ट. चित्रपट कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्यानं रचलेला आहे. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सर्वांत मोलाचं दृश्य साहित्य मुलांच्या गावात, घरात आणि खिशात पडलेलं असतं, आणि त्याला कुणी साहित्य मानत नाही.

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. मुलं त्याच्याखालून रोज जातात. एकीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणावा आणि तो पडद्यावर लावावा. मग नुसतं वाचायचं. सर्वांत वर महापुरुषांची रांग. कोण आहेत, कोणत्या क्रमानं, कोण नाहीत? एकाच तालुक्यातल्या दोन फ्लेक्सवर ही रांग वेगळी का? तिच्याखाली गोल चौकटींत पक्षाचे वरिष्ठ नेते, लहान. त्यांच्याखाली ‘मार्गदर्शक’ आणि ‘आधारस्तंभ’, किंचित मोठे. मधोमध पूर्ण उंचीचा वाढदिवसवाला, पांढरे कपडे, गॉगल, कानाला मोबाइल, मागे ढग किंवा वाघ. नावापुढे ‘भावी’. आणि अगदी खाली पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांची दाट पट्टी, शुभेच्छुक. ही पट्टी मी मुलांना मोजायला लावते. आडनावं लिहा. किती आडनावं एका भावकीची? पट्टीत कोणत्या वस्तीची मुलं आहेत आणि कोणत्या वस्तीचं कुणीच नाही? एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, यात बायका कुठंच नाहीत.’ तिच्या शेजारणीनं बोट दाखवलं, ‘आहे की, डावीकडून तिसरी. सरपंच आहेत त्या. पण नावाच्या मधोमध नवऱ्याचं नाव ठळक आहे, फोटोसुद्धा नवऱ्याचाच मोठा.’ दर्जा, भूमिका, आश्रयदाता आणि आश्रित, राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईची सत्ता प्रत्यक्षात कुणाकडे असते, या सगळ्या गोष्टी एका फ्लेक्सवर छापलेल्या असतात. पट्टीत चेहरा यावा म्हणून त्या पोरांनी वर्गणी दिलेली असते. ती का दिली, हा प्रश्न वर्गातल्या एखाद्या मुलालाच विचारता येतो, कारण त्याचाही चेहरा कधीतरी तिथं असतो. त्याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं: पोलिस स्टेशनला काम पडलं तर ओळख लागते. कुठल्याही गाइडात राज्यसंस्थेबद्दल इतकं नेमकं काही लिहिलेलं नाही.

दुसरं साहित्य लग्नाची व्हिडिओ. प्रत्येक घरात एक तरी असते, आताची पेनड्राइव्हवर आणि जुनी सीडीवर. घरच्यांना विचारून तिचा पाच मिनिटांचा तुकडा आणायचा. वरात घ्यावी. बँड, घोडा, नवरदेव, नाचणारे मित्र, आणि चौकटीच्या दोन्ही कडांना प्रकाश. तो प्रकाश कुठून येतो? चित्र थांबवलं की कडेला अर्धवट कापलेल्या बाया दिसतात, डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेल्या, एकमेकींना वायरीनं बांधलेल्या, मागं ढकलल्या जाणाऱ्या जनरेटरला जोडलेल्या. अख्ख्या वरातीतलं जे काही दिसतं ते त्यांच्या डोक्यावरच्या उजेडात दिसतं, आणि व्हिडिओवाल्यानं त्यांना कौशल्यानं चौकटीबाहेर ठेवलेलं असतं. मग पुढच्या विधीकडे जायचं. कोण खुर्चीवर बसलं आहे, कोण वाकलं आहे, कोणाचे पाय कोण धुतं, मानाचे आहेर कोणत्या क्रमानं, पहिल्या पंगतीला कोण आणि शेवटच्या पंगतीला कोण, नवऱ्यामुलीची आई पूर्ण चित्रफितीत किती वेळा बसलेली दिसते. लिंगभाव हा शब्द मुलांनी पाठ केलेला असतो. त्या आईचं न बसणं पाहिल्यावर तो शब्द कशासाठी लागतो ते कळतं. जुनी आणि नवी व्हिडिओ शेजारी ठेवली तर आणखी काही दिसतं: प्री-वेडिंग शूट आलं, गाउन आला, ड्रोन आला, हळद मोठी झाली, आणि कन्यादान मात्र जिथल्या तिथं आहे. सामाजिक बदल या प्रकरणात बदलत काय नाही हेही शिकवायचं असतं, ते इथं हाती येतं.

रील्सचं थोडक्यात सांगते. मुलांच्या मोबाइलवर एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. प्रत्येकानं पहिल्या दहा रील्सचे फक्त विषय कागदावर लिहावेत, मोबाइल कुणाला दाखवायचा नाही, नाव घालायचं नाही. फळ्यावर कोष्टक मांडलं की मुलींना काय दाखवलं जातं आणि मुलांना काय, जातीच्या अभिमानाची गाणी कुणाच्या पडद्यावर येतात, शेतीभावाची बातमी कुणाच्या, हे सगळ्यांनाच दिसू लागतं. आशय-विश्लेषण ही संशोधनपद्धती इतक्या कमी खर्चात दुसरीकडे कुठं शिकता येणार?

आता आक्षेपांकडे. वाचन मागं पडेल, हा नेहमीचा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही, कारण वाचन आत्ताही होत नाही. वाचली जाते ती प्रश्नोत्तरांची पुस्तिका. फ्लेक्स मोजलेल्या मुलीला वेबरची चार पानं द्या, ती वाचते, कारण तिच्या हातात एक न सुटलेला प्रश्न असतो. चित्र वाचनाच्या आधी यावं, वाचनाऐवजी नव्हे.

दुसरा आक्षेप मात्र फार खोल आहे आणि तो बहुतेक कुणी घेत नाही. वर्ग हा समाजाबाहेर नसतो. ‘फँड्री’ लावला की त्यातल्या जब्या या मुलाच्या जमातीची किंवा तशाच भटक्या, दलित घरातली मुलं त्याच अंधारात बसलेली असतात. डुकराच्या मागं कुटुंब धावतं तेव्हा काही माना त्यांच्याकडे वळतात. दुसऱ्या दिवसापासून एखाद्याला चित्रपटाच्या नावानं हाक पडू शकते. आपल्या घराची बेअब्रू वर्गाच्या ज्ञानासाठी खर्ची पडते आहे, असं त्या मुलाला वाटलं तर शिक्षकानं स्वतःला कितीही पुरोगामी म्हणावं, त्याचा उपयोग नाही. म्हणून ‘फँड्री’ दाखवायचा असेल तर मी प्रश्नाचा रोख फिरवते. जब्याकडे पाहू नका, त्याला पाहणाऱ्यांकडे पाहा. डुकराची पळापळ बघायला जी गर्दी जमली आहे, तिच्यात कोण हसतं, कोण शेरे मारतं, कोण गप्प आहे, मोठी माणसं काय करताहेत? राष्ट्रगीत सुरू होताच सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं, त्या क्षणी नियम कोण पाळतं आणि त्याची किंमत कोण मोजतं? आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेल्या भिंतीसमोरून ते मेलेलं डुक्कर वाहून नेलं जातं, तेव्हा ती भिंत कोणत्या इमारतीची आहे? असं विचारलं की अभ्यासाचा विषय हसणारं गाव होतं. वर्गातल्या बहुसंख्य मुलांना तिथं स्वतःची जागा शोधावी लागते, आणि ते अवघड काम त्यांनीच करायला हवं.

कॅमेरा मुलांच्या हाती देतानाही हीच काळजी. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) या माहितीपटात मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जाताना एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांनाच सुनावते. तुम्ही आमचे फोटो काढून नेणार, तुमचं नाव होणार, आम्हाला त्यातून काय, असा तिचा सवाल आहे. दिग्दर्शकानं तो कापला नाही, चित्रपटात ठेवला. प्रकल्पासाठी वीटभट्टीवर किंवा ऊसतोड कामगारांच्या पालांवर मोबाइल घेऊन जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्यानं ती बाई पाहायला हवी. माझ्या वर्गाचा नियम सरळ आहे: ज्यांच्यावर आपली सत्ता चालते त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि शक्यतो ज्यांची सत्ता आपल्यावर चालते त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा. फ्लेक्स, भूमिपूजनाच्या कोनशिला, संस्थेच्या कार्यालयातल्या भिंतीवर लावलेल्या तसबिरी, बँकेतली रांग आणि काउंटरमागची खुर्ची.

वेळ कुठं आहे, असं सहकारी विचारतात. अख्खा चित्रपट दाखवायला एक दिवस जातो, दोन मिनिटांचा तुकडा तीनदा पाहायला दहा मिनिटं. अभ्यासक्रमातला एकही घटक वगळावा लागत नाही. खरी अडचण परीक्षेची आहे. जे विचारलं जात नाही ते शिकलं जात नाही, आणि आमच्या प्रश्नपत्रिका आजही ‘थोडक्यात टिपा लिहा’च्या पुढे गेलेल्या नाहीत. पहिल्या वर्षाच्या समाजशास्त्राच्या पेपरात एक छायाचित्र छापावं, दहा गुणांसाठी. चौकटीत काय दिसतं ते लिहा. काय दिसत नाही पण असायला हवं ते लिहा. शिकलेली एक संकल्पना वापरून या दोन्हींतलं नातं मांडा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही हा प्रश्न चालतो, म्हणजे प्रोजेक्टर नसलेल्या डोंगरातल्या महाविद्यालयाची अडचण होत नाही. चित्र दरवर्षी बदलेल, त्यामुळे गाइड छापणाऱ्यांना उत्तर आधी छापता येणार नाही. तपासणाऱ्यांना नमुना उत्तरपत्रिका पुरणार नाही, त्यांना प्रत्येक उत्तर वाचावं लागेल, आणि अभ्यास मंडळात विरोध होईल तो याच मुद्द्यावर.